एक गुंठा हुरडा : प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने काल रात्री जेवताना विचारले की, दरवर्षी दिवाळीच्या सुटीत तू शाळेतल्या मुलांकडून प्रकल्प वही लिहून घेतेस, तर तुझी स्वतःची वही कुठे आहे. प्रश्न बिनतोड होता. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे ही जी चौकट मी बंजारा तांड्यावरच्या शाळेत फळ्यावर आखून देते, तीच आजपासून मलाही लागू झाली आहे. वही तपासण्याचे काम मुलीने स्वतःकडे घेतले असून त्यासाठी एक लाल पेनही तिने बाजूला काढून ठेवला आहे.

प्रकल्पाचे नाव ‘घरचा हुरडा’. नाताळच्या सुटीत पुण्याहून येणाऱ्या भाऊजींच्या कुटुंबाला आपल्या वावरातील ज्वारीचा हुरडा आपल्याच आगटीत भाजून खाऊ घालावा, हा उद्देश. त्याचे निमित्त असे घडले की, गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर त्यांनी हमरस्त्यावरच्या एका ठिकाणी थांबून पावशेर हुरडा शंभर रुपयांना घेतला आणि धाकट्या पुतणीने ती गोष्ट मोठ्या आनंदाने फोनवर आजीला सांगितली. सासूबाई, ज्यांना घरात आम्ही सारेच ‘बाई’ म्हणतो, त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. ‘‘हुरडा इकत घेतला? घरी वावर अस्ताना?’’ एवढेच त्या म्हणाल्या. मात्र यंदाच्या पोळ्यापर्यंत हे वाक्य त्यांनी निदान दहा वेळा तरी म्हटले असेल.

वास्तविक वावर आहे, ज्वारी नाही. दारव्हा तालुक्यातील आमच्या शिवारात आज नजर जाईल तिथपर्यंत कपाशी, सोयाबीन आणि तूर दिसते. सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ साली आला आणि सासऱ्यांच्या उमेदीच्या काळात ज्वारीला ज्वारी न म्हणता ‘हायब्रीड’ म्हणण्याची रीत पडली, इतके ते पीक घराघरांत होते. पुढे शंभर-सव्वाशे दिवसांत पैसा हाती देणारे सोयाबीन आले, परतीच्या पावसात काळे पडणारे ज्वारीचे दाणे कोणाला नकोसे झाले, कापणीला आणि खुडणीला माणसे मिळेनात. शिवाय एकट्यानेच ज्वारी पेरली, तर पंचक्रोशीतील पाखरे आणि रोही, म्हणजे नीलगायी, त्याच एका वावरात पंगतीला बसतात, म्हणून पेरणारेही एकेक करून थांबले. आम्हीही त्यांतलेच.

भाऊजी २५ डिसेंबरला सकाळी पोहोचतील आणि २९ तारखेला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परततील. म्हणजे हुरडा नेमका या पाच दिवसांत तयार व्हायला हवा. बाईंच्या माहेरून, बुलढाण्याकडून, गुळभेंडी या हुरड्याच्या ज्वारीचे बियाणे आले आहे. पेरणीपासून हुरड्यापर्यंत साधारण ९५ दिवस धरले, तर २६ डिसेंबरपासून मागे मोजत पेरणीची तारीख २२ सप्टेंबर निघते. अंदाज चुकल्यास हाती काहीतरी राहावे म्हणून आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन पट्टे पेरायचे ठरले आहे. माझ्या या हिशेबावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘ज्वारीले काय कॅलेंडर समजते?’’

२२ सप्टेंबर, रविवार

विहिरीजवळ मुगाचा जो तुकडा पंधरवड्यापूर्वी रिकामा झाला होता, त्यातला एक गुंठा यांनी वखरून दिला. पावसाची ओल चांगली होती. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत १५ सेंटिमीटर असे अंतर ठेवले, तर एका गुंठ्यात सुमारे १५०० झाडे बसतात, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात ५००. मुलीने हा भागाकार वावरातच एका ढेकळाने दगडावर केला. एवढ्याशा जागेसाठी तिफन काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून यांनी डवऱ्याने काकर पाडले आणि आम्ही दोघींनी एकेका ठिकाणी दोन-दोन दाणे टोबले. काणी रोग येऊ नये यासाठी बियाण्याला आधी गंधकाची भुकटी चोळली होती. बाई धुऱ्यावर बसून देखरेख करत होत्या आणि दाणा दोन बोटांपेक्षा खोल गेला की, इतक्या दुरून त्यांना कसे दिसते कोण जाणे, पण ओरडत होत्या.

२९ सप्टेंबर, रविवार

दुसरा पट्टा पेरला. पहिल्या पट्ट्यात उगवण चांगली आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

तिसरा पट्टा पेरला. पहिल्या पट्ट्याची विरळणी केली, म्हणजे जिथे दोन्ही दाणे उगवले होते तिथले एक रोप उपटले. मुलीने मोजणी केली तेव्हा ५०० पैकी ४६१ ठिकाणी रोप मिळाले. काही रोपांचे पोंगे खोडमाशीने वाळवले होते आणि ते ओढताच अलगद हातात येत होते. उपटलेली हिरवीगार रोपे मी टोपल्यात भरून गाईपुढे टाकायला निघाले, तर बाईंनी टोपलेच काढून घेतले. कोवळ्या ज्वारीत प्रुसिक आम्ल तयार करणारा घटक असतो आणि ती पोटभर खाल्लेले जनावर तासाभरातही दगावू शकते, हे मी पुस्तकात वाचले आहे. बाईंनी ते वयाच्या बाराव्या वर्षी गोठ्यात पाहिलेले आहे. पुस्तकात वाचूनही मी विसरले, याची नोंद मुलीने समासात लाल शाईने केली आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

भाद्रपदी पौर्णिमेपासून घरात बसलेल्या भुलाबाईचा आज शेवटचा दिवस होता. एरवी महिनाभर कोनाड्यात राहणाऱ्या भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, या रात्री ज्वारीच्या पाच धांड्यांच्या खोपडीत बसतात. आमची ज्वारी आज अवघी गुडघ्याएवढी आहे, त्यामुळे तिचे धांडे मिळणे शक्य नव्हते आणि गावात खरिपाची ज्वारी कोणाकडेच नाही. शेवटी मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी माझ्या मागे लागून मला स्कूटीवर शेजारच्या गावी नेले. तिथल्या एका आजोबांनी बैलांच्या कडब्यापुरती दोन तासे ज्वारी लावली आहे. त्यांनी पाच धांडे कणसांसकट कापून दिले, पैसे घेतले नाहीत आणि वर आम्हालाच विचारले की, भुलाबाईची गाणी येतात का पोरींना, की मोबाइलवर लावता. पोरींनी तिथेच धुऱ्यावर उभ्या राहून दोन गाणी म्हणून दाखवली. परत येताना पाच हातांएवढे ते धांडे स्कूटीवर आडवे धरून बसलेल्या मुलीमुळे समोरून येणारी एस.टी. दोनदा थांबली.

रात्री खिरापत ओळखण्याचा खेळ झाला. डबा कानाशी हलवून आतला पदार्थ ओळखायचा असतो. बाईंच्या डब्यातून आवाजच येत नव्हता, कारण त्यांनी त्यात दाबून दहीभात भरला होता. बावीस नावे घेऊनही कोणाला ओळखता आले नाही आणि बाई लहान मुलीसारख्या खुशीत होत्या. खोपडीचे धांडे विसर्जनानंतर गाईला दिले. हे धांडे पक्व असल्याने बाईंची हरकत नव्हती.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

दिवाळीच्या धावपळीत तीन दिवसांची नोंद एकत्र करावी लागत आहे. ट्रॅव्हल्सचे भाडे दिवाळीत दुप्पट होते, म्हणून भाऊजी दिवाळीऐवजी नाताळात येतात, ही आता आमच्या घरची रीतच झाली आहे. बाईंना ती अजून पटलेली नाही. त्या नव्या सुनेच्या काळात माहेरी जायला निघत, तेव्हा यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद मार्गावरची शकुंतला त्यांना दारव्ह्याहून मूर्तिजापूरपर्यंत नेत असे; ती गाडी इतकी सावकाश चालायची की माणसे मध्येच उतरून बोरे तोडून पुन्हा चढायची, असे त्या सांगतात. आता रूळ आहेत, गाडी नाही. ‘‘दिवाळीले गाडी भेटत नाही म्हणते, आन् आमच्या वक्ती गाडी आमच्यासाठी थांबे,’’ हा त्यांचा युक्तिवाद असतो.

अमावस्येच्या संध्याकाळी तांड्यावरच्या माझ्या विद्यार्थिनी हातात दिवे घेऊन ‘मेरा’ मागत घरोघर फिरल्या. यंदा त्या तांडा सोडून दीड किलोमीटर चालत आमच्या दारीही आल्या आणि बाईंच्या हातून करंज्या घेऊन गेल्या. सोयाबीनला बाजारात क्विंटलला ४८९२ रुपयांचा हमीभाव कोणी देईना, त्यामुळे या वर्षी कपडे फक्त मुलांना आणि बाईंना घेतले. चकल्या मात्र दरवर्षीइतक्याच झाल्या. पाडव्याला गाईंची शिंगे रंगवली.

ज्वारी कमरेला लागली आहे. डवरणी झाली, एक निंदण झाले. कपाशीच्या पहिल्या वेचणीची सीतादहीची पूजा उरकून यांनी विहिरीचे एक पाणीही दिले. व्हिडिओ कॉलवर मोठ्या पुतण्याला पीक दाखवले, तेव्हा त्याने हा ऊस आहे का, असे विचारले. नोंद घेतली आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नुकसान. विधानसभेच्या मतदानासाठी माझी नेमणूक शेजारच्या तालुक्यात होती. १९ तारखेला साहित्य घेऊन केंद्रावर गेले आणि काल मध्यरात्रीनंतर यंत्रे जमा करून घरी परतले. या दोन रात्रींत जागलीला हे एकटेच होते. दिवसभर कापूस वेचून थकलेला माणूस मचाणावर पाठ टेकताच झोपणार, यात दोष देण्यासारखे काही नाही. पहाटे रोह्यांचा कळप तिसऱ्या पट्ट्यात शिरला. पोटरीत यायला लागलेली झाडे वरून कुरतडल्यासारखी तुटलेली आहेत आणि खालचे धांडे तुडवलेले आहेत. ५०० पैकी फार तर ४० झाडे उभी आहेत.

मला वाईट वाटले, पण घरात माझ्यापेक्षाही जास्त वाईट यांना वाटत होते, म्हणून मी ते बोलून दाखवले नाही. बाईंनी संदुकीतून सात जुनी लुगडी काढली. आज दुपारी ती सगळी लुगडी बांबूंना बांधून तुकड्याभोवती कुंपण केले. वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत कापडाला रोही बिचकतो, निदान पहिले काही दिवस तरी. त्यातले एक जांभळे लुगडे बाईंच्या ओटीभरणाचे आहे, हे मला संध्याकाळी कळले. ते सोडून घरी आणायला गेले, तर त्यांनी ‘राहू दे’ म्हणून हात हलवला.

१ डिसेंबर, रविवार

पेरणीला आज सत्तर दिवस झाले. पहिल्या पट्ट्यात कणसे पूर्ण बाहेर पडली असून फुलोरा शेंड्याकडून खाली उतरत आहे. वरच्या भागातले पिवळे परागकोष झडले आहेत, मधला भाग आज फुलला आहे आणि खालचा अजून हिरवाच आहे. कणीसभर फुलायला आठवडा लागतो, त्यामुळे एकाच कणसातले दाणेही एका दिवशी तयार होत नाहीत, ही गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती.

यापुढे पाखरे. यांनी सुताची गोफण विणून दिली आणि जुन्या कॅसेटची फीत दोन बांबूंमध्ये ताणून बांधली. वारा आला की ती फीत गुणगुणल्यासारखा आवाज करते. त्या कॅसेटवर यांच्याच लग्नातली सनई होती, असे नंतर निष्पन्न झाले.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठीचे वांग्याचे भरीत आणि रोडगे. बाईंचे चातुर्मासात बंद असलेले वांगे आज सुटले. सकाळी पोपटांचा पहिला थवा आला. शाळा सकाळची होती, म्हणून दुपारपासून मुलगी आणि मी आळीपाळीने वावरात बसलो. गोफणीचा दगड मी मारला की तो हमखास मागच्या तुरीत पडतो.

१५ डिसेंबर, रविवार

आज एक गंभीर चूक उघडकीस आली. भिंतीवरचे कॅलेंडर पाहताना लक्षात आले की २६ डिसेंबर हा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे, म्हणजे माझ्या महालक्ष्मी व्रताच्या उद्यापनाचा दिवस, आणि त्याच दिवशी सफला एकादशीही आहे, म्हणजे बाईंचा उपास. पेरणीची तारीख ज्या दिवसापासून उलटी मोजली, त्याच दिवशी घरातल्या दोन बायकांना धान्याचा कण चालणार नाही. तीन महिने दिवस मोजणाऱ्या मला तिथी पाहण्याचे सुचले नाही. मुलीने लाल शाईने ‘नियोजनाचा अभाव’ असा शेरा दिला असून तो मी मान्य केला आहे.

बाईंना सांगितले, तर त्यांना काहीच वाटले नाही. त्यांनी एक कणीस वाकवून मधला दाणा अंगठ्याच्या नखाने दाबला. पाण्यासारखे पांढुरके दूध त्यांच्या नखावर आले. ‘‘थंडी लय हाय. आनखी दोन-तीन रोज लागतीन,’’ असे म्हणून त्यांनी कणीस सोडून दिले.

२५ डिसेंबर, बुधवार

मंडळी सकाळी सात वाजता पोहोचली. नऊ वर्षांचा पुतण्या आणि सहा वर्षांची पुतणी बॅगा अंगणात टाकून थेट वावरात पळाली आणि अर्ध्या तासाने त्यांच्या मागे जाऊबाई चपला हातात घेऊन धावत गेल्या, कारण मुले अनवाणी होती. कुंपणाला लावलेली लुगडी पाहून पुतणीने विचारले, ‘‘मोठीआई, इथे कोणाचं लग्न आहे?’’

भाऊजींनी आल्या आल्या विचारले की, उद्या हुरडा ना. बाईंनी नख लावून पाहिले. दूध आता दाट झाले होते, परंतु दाणा दाबताच फुटत होता. ‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. त्यानंतर दिवसभर भाऊजी दर तासाने एकेक कणीस दाबून पाहत राहिले आणि त्यामुळे धुऱ्याकडची चौदा कणसे खराब झाली.

२६ डिसेंबर, गुरुवार

उपास, उद्यापन, साबुदाणा, भगर. पाच सवाष्णी आल्या. वावराकडे फक्त पुरुष मंडळी आणि मुले होती. पुतण्याने गोफण फिरवायला शिकताना स्वतःच्याच पाठीत दगड मारून घेतला. जखम नाही, अभिमान मात्र बराच.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पहाटेपासून आभाळ भरून आले आणि दुपारी थोडा शिडकावाही झाला. आगटीच्या गोवऱ्या घाईघाईने गोठ्यात नेल्या. दाणा तयार आहे, असे आज बाईंनी जाहीर केले, आणि नेमके आजच बाहेर विस्तव करता येईना. ओल्या कणसांचा हुरडा चिकट होतो, म्हणून घरात चुलीवर भाजण्याची भाऊजींची सूचनाही नामंजूर झाली. सुटीचे तीन दिवस गेले, दोन उरले. भाऊजी मोबाइलवर हवामानाचा अंदाज पाहत बसले. बाई ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि मुले त्यांच्यापुढचे सोले चोरत होती. रात्री सोले-वांग्याची भाजी आणि बाजरीची भाकर झाली. सगळे एकाच खोलीत झोपले, कारण बाहेर गारठा होता आणि मुलांना आजीच्या गोष्टी हव्या होत्या. त्यांतली रोह्याची गोष्ट बाईंनी आजच रचली असावी, असा माझा संशय आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

हुरडा झाला.

आभाळ सकाळी नऊच्या सुमारास फाटले. यांनी निंबाच्या झाडाखाली वीतभर खोल आणि हातभर रुंद आगटी खणली, त्यात गोवऱ्या रचल्या, त्यांवर पऱ्हाटीची चिपाडे टाकून विस्तव घातला. ज्वाळा बसून गोवऱ्यांचे लाल निखारे होईपर्यंत पाऊण तास लागतो आणि या पाऊण तासात घाई करणाऱ्याला बाई आगटीजवळ येऊ देत नाहीत, कारण जाळावर भाजलेला दाणा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. तोवर कणसे खुडायचे काम मुलांकडे होते. कोणते खुडायचे हे ठरवणे मात्र बाईंकडेच राहिले. त्या एका हातात काठी आणि एका हाताने कणीस वाकवत ओळीतून चालत होत्या, प्रत्येक कणसाच्या मधल्या भागातला एक दाणा दाबून पाहत होत्या आणि ज्यातून दुधाऐवजी ओलसर पिठूळ गर नखाला लागेल त्याच्यावरच बोट ठेवत होत्या. ४६१ झाडांपैकी पाखरांनी, भाऊजींनी आणि खोडमाशीने सोडलेली कणसे सुमारे ३०० भरली. त्यातली ६० आज घेतली.

कणसे निखाऱ्यांत घालून वरून गरम राख ओढली. दोन-तीन मिनिटांनी परतली आणि आणखी तेवढ्याच वेळाने बाहेर काढली. आता कणसाचा हिरवा रंग जाऊन त्यावर राखी झाक आली होती आणि देठाच्या टोकाला रस उकळून बुडबुडे येत होते. गरम कणीस डाव्या तळहातावर उभे धरायचे आणि उजव्या तळहाताने ते वरून खाली गोल फिरवत चोळायचे, अशी रीत आहे. जोर कमी पडला तर दाणे सुटत नाहीत आणि जास्त झाला तर चेंदामेंदा होतो. यांच्या तळहाताला घट्टे आहेत, त्यामुळे ते सहज चोळतात. भाऊजींनी पहिले कणीस हातात घेतले आणि लगेच टाकले. दुसरे त्यांनी रुमालात धरले, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे जे पाहिले ते पाहून त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि तिसरे कणीस डोळे मिटून चोळले. त्यांचे तळहात संध्याकाळपर्यंत लाल होते. गुळभेंडीचा दाणा बोंडातून सहज सुटतो, हा तिचा गुण आज पटला. सुपात पाखडले की कोंडा उडून जातो आणि खाली हिरवट, मऊ, वाफाळणारा दाणा उरतो.

सोबत जवसाची चटणी, लसूण-शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घट्ट दही होते. पहिली मूठ बाईंनी आगटीत टाकली, दुसरी मातीवर ठेवली आणि तिसरी पुतणीच्या ओंजळीत दिली. पुतणीने दोन दाणे चावले, थोडा विचार केला आणि हे तर गोड आहे, मग गूळ कशाला, असे विचारले. त्यानंतर ती बराच वेळ बोलली नाही. पुतण्याने चटणीसह तीन वाट्या संपवल्या. जाऊबाई, ज्या एरवी मोजून जेवतात, त्यांनी मोजणे सोडून दिले. यांनी आधी सगळ्यांना चोळून दिले आणि शेवटी स्वतः उभ्या उभ्या खाल्ले; मी बसायला सांगितले, तर आगटी थंड होईल, असे उत्तर मिळाले.

दुपारी उरलेल्या निखाऱ्यांत वांगी आणि रोडगे घातले. तांड्यावरच्या चार विद्यार्थिनी वासाने आल्या की मुलीने बोलावल्यामुळे, हे समजू शकले नाही, पण त्यांच्यासाठी आणखी २० कणसे खुडावी लागली. त्यांनी भाऊजींपेक्षा चौपट वेगाने चोळून दाखवले.

एक निरीक्षण राहिले. बाईंना दात कमी आहेत. त्यांच्या वाटीतला हुरडा मुलगी गुपचूप खलबत्त्यात किंचित ठेचून आणून देत होती आणि बाई तो सर्वांसारखाच खात असल्याचे दाखवत होत्या. वही मुलगीच तपासत असल्याने ही ओळ ती खोडून टाकण्याची शक्यता आहे.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी पुन्हा आगटी. रात्री नऊला ट्रॅव्हल्स. पुतणीने जांभळ्या लुगड्याचा एक फाटका तुकडा पुण्याला नेला आहे.

४ जानेवारी २०२५, शनिवार

दुसरा पट्टा आज हुरड्यात आला. सुटी संपल्यावर आलेला हा हुरडा आम्ही चौघांनी आणि शेजारच्या दोन घरांनी खाल्ला. दोन किलो दाणे थंड करून, स्टीलच्या डब्यात भरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या चालकाकडे पुण्यासाठी दिले. थंड हुरड्याला चव नसते, असे बाईंचे मत आहे, तरीही डबा त्यांनीच भरला आणि जवसाच्या चटणीची पुडी वर ठेवली. तिसऱ्या पट्ट्यातली ४० झाडे कालच रोह्यांनी संपवली. लुगड्यांची आता त्यांना सवय झाली आहे.

१९ जानेवारी, रविवार

पहिल्या पट्ट्यात बियाण्यासाठी राखलेली कणसे आज, ११९ व्या दिवशी कापली. जाड देठाची, भरगच्च आणि काणी नसलेली २२ कणसे बाईंनी निवडली. ती दोन दिवस उन्हात ठेवून नंतर राख आणि निंबाचा पाला घालून मडक्यात भरायची आहेत. कडबा गाईंना गेला.

खर्चाचा हिशेब : बियाणे माहेरचे, गंधक ३० रुपये, बांबू घरचे, गोवऱ्या घरच्या, पुण्याचा डबा पाठवण्याचे १०० रुपये. लुगड्यांची किंमत धरलेली नाही. मुलीने या नोंदींना दहापैकी साडेसात गुण दिले असून अर्धा गुण तारखेच्या चुकीसाठी, एक गाईच्या टोपल्यासाठी आणि एक २८ डिसेंबरच्या शेवटच्या निरीक्षणासाठी कापला आहे. ती ओळ तिने खोडलेली मात्र नाही.

रात्री जाऊबाईंचा फोन आला. डबा पोहोचल्याचे त्यांनी आधीच कळवले होते. आज विचारत होत्या की पुढच्या नाताळची तिकिटे लवकर काढली तर स्वस्त पडतील, तेव्हा कोणत्या तारखेची काढू. मी फोन बाईंकडे दिला.

‘‘पेरल्यावर सांगतो,’’ बाई म्हणाल्या.